बिनतिकिटाचा प्लॅटफॉर्म

पृथ्वी महोत्सवातला ‘प्लॅटफॉर्म’ हा मुंबईतला बहुधा एकमेव प्लॅटफॉर्म असावा, ज्यावर तिकिटाशिवाय उभे राहिले तरी कोणी दंड करत नाही. पार्ले स्टेशनावर मेहुण्याला नुसते गाडीत बसवून द्यायचे म्हटले तरी फलाटाचे दहा रुपये मोजावे लागतात. त्याच स्टेशनापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, जुहू चर्च रोडलगतच्या जानकी कुटीर वसाहतीत, एक अख्खे छोटे नाटक फुकट पाहायला मिळते. पंधरा मिनिटे हे अंतर रात्री दोन वाजताचे आहे. संध्याकाळी सात वाजता तेवढ्या वेळात रिक्षावाला ‘जुहू’ हा शब्द ऐकून मान हलवतो आणि निघून जातो.

व्यवस्था अशी असते. नोव्हेंबरच्या सुमारास पृथ्वी थिएटरचा महोत्सव भरतो. आत तिकीट लावून मोठी नाटके होतात. ती सुरू होण्याआधी बाहेरच्या आवारात नव्या मंडळींचे वीसेक मिनिटांचे खेळ होतात. त्यात नाटुकले असते, नृत्य असते, मूकाभिनय, गाणे, कधी नुसत्या कविताही असतात. या खेळांना प्लॅटफॉर्म म्हणतात. रंगमंच म्हणजे माणसांच्या गर्दीत राखलेली सहा पावले मोकळी जागा, आणि ती मोकळी राहावी म्हणून हात पसरून उभा असलेला एक स्वयंसेवक. बरेचदा त्या वीस मिनिटांतले सर्वात कष्टाचे काम तोच करत असतो.

फुकट नाटकाला मराठी माणसाने नाके मुरडण्याचे कारण नाही. मराठी नाटकाचा पहिला खेळच फुकट होता. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना तसेच काही मराठीत करायला सांगितले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झाले. खर्च संस्थानचा, पाहणारे दरबारी. त्यांना खेळ आवडो न आवडो, उठून जायची सोय नव्हती, कारण समोर राजेसाहेब बसले होते. पुढे १८५१ साली चिंतामणराव वारले, आश्रय सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडणे भाग पडले. १८५३ साली ते मुंबईत आले आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ झाले. मराठी प्रेक्षकाने नाटकासाठी खिशात हात घातला तो तेव्हा. काहींचा तो अजून बाहेर यायचा आहे.

५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. जुहूचे पृथ्वी थिएटर सुरू झाले तेही ५ नोव्हेंबरलाच, १९७८ साली, म्हणजे ‘सीतास्वयंवर’नंतर बरोबर १३५ वर्षांनी. पडदा उघडला असे म्हणण्याची सोय नाही, कारण तिथे तीन बाजूंनी प्रेक्षक बसतात आणि पडद्याला जागाच नाही. पहिले नाटक गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’. प्रयोग हिंदीत, कामे नसीरुद्दीन शाह, ओम पुरी आणि बेंजामिन गिलानी यांची, पण नाटक मूळ मराठी. पार्ले पूर्वेला ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. सांगणारा स्वतः त्या प्रयोगाला गेला होता का, असे विचारले तर मात्र विषय बदलतो. तिकीट होते ना.

थिएटरला ज्यांचे नाव आहे त्या पृथ्वीराज कपूर यांचा तिकिटाशी संबंध आणखी गुंतागुंतीचा. त्यांनी १९४४ साली काढलेली पृथ्वी थिएटर्स ही फिरती मंडळी होती. सुमारे दीडशे माणसे, सामान, पडदे, सगळे आगगाडीत घालून सोळा वर्षे ती देशभर हिंडली आणि तिने २,६६२ प्रयोग केले. ब्रीदवाक्य ‘कला देश की सेवा में’. खेळ तिकीट लावून होत. पण खेळ संपला की खुद्द पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत आणि बाहेर पडणारे लोक निरनिराळ्या मदतनिधींसाठी तीत पैसे टाकत. जो माणूस ‘मुगल-ए-आझम’मध्ये अकबर झाला, त्याने नाटकाच्या दारात झोळी धरलेली असायची. तिकीटही घ्यायचे आणि वर झोळीही पुढे करायची, हा व्यवहार आजच्या कोणत्याही नाट्यनिर्मात्याला मोहात पाडील असा आहे. अडचण एवढीच की त्यासाठी दाराशी पृथ्वीराज कपूर उभे असावे लागतात.

मंडळी १९६० मध्ये बंद झाली. पुढे पृथ्वीराजांनी जानकी कुटीरमध्ये जमीन भाडेपट्ट्याने घेतली, तीवर नाट्यगृह बांधायचे मनात होते, पण १९७२ साली ते गेले. त्यांचा मुलगा शशी कपूर आणि सून जेनिफर केंडल यांनी ती जमीन मिळवली, १९७५ मध्ये न्यास स्थापन केला आणि वास्तुविशारद वेद सेगन यांच्याकडून दोनेकशे खुर्च्यांचे नाट्यगृह बांधून घेतले. पहिला महोत्सव नाट्यगृह सुरू झाल्यावर पाच वर्षांनी, १९८३ साली झाला.

बाहेरचा फुकट प्रयोग समजून घ्यायचा असेल तर आतल्या दोन नियमांची ओळख हवी. एक, प्रयोग ठरल्या वेळी सुरू होतो आणि दार बंद झाले की उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. तिसऱ्या घंटेनंतर वड्याचा शेवटचा घास घेऊन, अंधारात लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत आपल्या खुर्चीपर्यंत पोहोचणे हा ज्यांना नाटक पाहण्याचाच एक भाग वाटतो, त्यांना हा नियम मानवाधिकारांविरुद्ध वाटतो. दोन, खुर्च्यांना नंबर नसतात. जो आधी आत जाईल त्याला चांगली जागा. त्यामुळे नाटकाआधी अर्धा-पाऊण तास आवारात रांग लागते. एवढी सुशिक्षित, एवढी हलू न शकणारी आणि एवढी कंटाळलेली माणसे एका जागी मिळणे नव्या कलावंताच्या आयुष्यात दुर्मीळच. प्लॅटफॉर्मला हक्काचा प्रेक्षक मिळतो तो असा.

रांगेतल्या प्रेक्षकापुढे एक कठीण प्रश्न असतो. प्रयोग नीट पाहायचा तर रांग सोडावी लागते, आणि रांग सोडली तर आत खांबाआडची नसली तरी कडेची जागा मिळते. मधला मार्ग म्हणजे पाय रांगेत ठेवून मान नव्वद अंशांत वळवणे. वीस मिनिटे या आसनात काढल्यावर आतले दोन तासांचे नाटक एका बाजूने पाहणे सोपे जाते. जोडपी एक युक्ती करतात: एक जण रांगेत, दुसरा प्रयोगाला, दहा मिनिटांनी अदलाबदल. घरी परतताना दोघांना मिळून एक पूर्ण प्रयोग पाहिल्याचे समाधान असते, मात्र पहिल्या दहा मिनिटांत जो मेला तो दुसऱ्या दहा मिनिटांत कसा नाचत होता, यावर सांताक्रूझपर्यंत वाद चालतो.

कॅफेत बसलेला वर्ग वेगळा. हा रांगेत नसतो, कारण तो नाटकाला आलेलाच नसतो. तो सुलेमानी चहा किंवा आयरिश कॉफी घेऊन बसलेला असतो आणि समोर अचानक कोणी तरी किंचाळत जमिनीवर कोसळले की पराठा हातात तसाच धरून बघतो. फुकट प्रयोगाच्या अर्थशास्त्राचा खरा भार हाच वर्ग वाहतो. कुटुंब चौघांचे असेल आणि मुलांनी दोनदा काही मागवले, तर त्या बिलात आतल्या नाटकाचे एखादे तिकीट सहज बसले असते. पण तिकिटाचे पैसे गेले असे वाटते, पराठ्याचे पैसे सत्कारणी लागले असे वाटते, आणि ही भावना कोणत्याही नाट्य-चळवळीला अजून बदलता आलेली नाही.

तिसरा वर्ग अंधेरी-वर्सोव्याकडून येतो. हे स्वतः नट असतात, किंवा लवकरच होणार असतात. आरामनगरच्या बंगल्यांतून दिवसभर ऑडिशन देऊन संध्याकाळी ते पृथ्वीच्या आवारात येतात. जगात इतरत्र नाटकात चार नट आणि समोर शंभर प्रेक्षक असतात. जुहूला प्रयोगात चार नट असतात आणि समोर शंभर. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव: ही भूमिका मला द्यायला हवी होती. त्यांचे अर्धे लक्ष प्रयोगाकडे आणि अर्धे फाटकाकडे, कारण फाटकातून केव्हा कोण दिग्दर्शक आत येईल याचा नेम नसतो. असा कोणी आलाच, तर सगळा जमाव किंचित वळतो, हनुवट्या वर होतात, आवाज खर्जात जातात आणि दोन मिनिटे प्लॅटफॉर्मपेक्षा प्रेक्षकांतला प्रयोग जास्त रंगतो. दिग्दर्शक चहा मागवून फोनमध्ये डोके घालतो. मग सगळे पुन्हा मूळ नाटकाकडे वळतात.

आणि रेल्वेरुळ ओलांडून आलेले पार्ले पूर्वेचे ज्येष्ठ रसिक. यांचे नेहमीचे क्षेत्र दीनानाथ नाट्यगृह, जिथे मध्यंतर असते, मध्यंतरात बटाटावडा असतो आणि वड्याच्या रांगेत शाळेतले मित्र भेटतात. पृथ्वीला ते मुद्दाम नवे पाहायला येतात, आणि पाहून झाल्यावर ते नवे नाही हे सिद्ध करून जातात. पुरावा नेहमी एकच, छबिलदास. आविष्कार या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकांची चळवळ चालवली. त्यानंतर मुंबईत जे जे काही घडले ते त्यांच्या मते तिथे आधीच घडून गेले आहे. नट प्रेक्षकांत येऊन बसला? छबिलदास. नेपथ्य म्हणून नुसती एक खुर्ची? छबिलदास. खुर्चीसुद्धा नाही? छबिलदासला तीही नव्हती. हे सगळे पुष्कळ अंशी खरे असते, म्हणून ऐकणाऱ्याला जास्त त्रास होतो. गाडी शेवटी छबिलदास गल्लीतल्या वड्यावर येते, आणि तिथे सर्व पिढ्यांचे एकमत होते.

आता प्रत्यक्ष कलाकृतींविषयी. नाटुकले समजायला फार अवघड नसते. वीस मिनिटांत दोन माणसे भेटतात, भांडतात आणि एक जण निघून जातो. तो प्रेक्षकांतून वाट काढत निघून जातो म्हणून ते प्रायोगिक. अडचण नृत्याची आहे. जुहू परिसराला नाच नवा नाही. जुहू स्कीममध्येच कनक रेळे यांनी १९६६ साली स्थापन केलेली नालंदा संस्था आहे, आणि मोहिनीअट्टमसारखी केरळची शैली उपनगरी मुंबईत रुजवून विद्यापीठाच्या पदवीपर्यंत नेण्याचे श्रेय त्यांचे आहे. शास्त्रीय नृत्याच्या प्रेक्षकाला निदान काही खुणा ठाऊक असतात. दोन्ही हात वाकडे धरले की बासरी, बासरी आली की कृष्ण, कृष्ण आला की घरच्यासारखे वाटते. समकालीन नृत्यात कृष्ण येत नाही. नर्तकी काळ्या कपड्यांत बराच वेळ स्तब्ध उभी राहते, मग एक खांदा हलवते. प्रेक्षकांतली आई मुलाला म्हणते, “सुरू झालं.” मुलगा म्हणतो, “तिला खाज आली.” दोघांपैकी कोण बरोबर हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही. पुढे ती दगडी फरशीवर अंग टाकते, आणि फरशी दगडीच असल्यामुळे पहिल्या रांगेतल्या दोन मावश्या मदतीला उठतात. त्यांना खाली बसवताना स्वयंसेवकाची पुन्हा धावपळ.

असल्या प्रयोगाआधी एक निवेदन असते. शरीर, शहर, स्मृती आणि अवकाश यांतल्या नात्याचा शोध, अशा अर्थाचे ते असते आणि कधी कधी नाचापेक्षा लांब होते. त्यातला ‘अवकाश’ तरी अगदी खरा ठरतो. जुहूला विमानतळ आहे, १९२८ सालचा, देशातला पहिला नागरी विमानतळ. आता तिथून हेलिकॉप्टरे उडतात. सांताक्रूझची मोठी विमानेही फार दूर नाहीत. आत भिंती आहेत. बाहेर आभाळ. भावपूर्ण शांततेच्या नेमक्या क्षणी डोक्यावरून घरघर सुरू होते. अनुभवी नट वाक्य गिळून थांबतो, घरघर ओसरू देतो आणि पुढे चालू करतो. ही विराम घेण्याची कला अनेकांना नाट्यशाळेने नव्हे, विमानांनी शिकवली आहे. नवखा नट विमानाशी स्पर्धा करतो आणि हरतो. त्याखेरीज रिक्षांचे हॉर्न, कॅफेतल्या कपबश्या आणि कावळे आहेतच. कावळा सहसा शोकांतिकेतच बोलतो.

दाद हा आणखी एक बिकट विषय. उघड्यावरच्या संध्याकाळच्या प्रयोगात मध्येच एखादी टाळी पडते. नटाचा चेहरा उजळतो. ती टाळी वाक्यासाठी होती की डासासाठी, हे फक्त टाळी वाजवणाऱ्याला आणि डासाला ठाऊक असते. जाणकार कलावंत म्हणून एकट्या टाळीवर विश्वास ठेवत नाहीत.

पृथ्वीच्या आवाराला फुकटाचे वावडे महोत्सवाबाहेरही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय’ हा विज्ञानगप्पांचा विनामूल्य कार्यक्रम २००९ पासून तिथे रविवारी सकाळी होत आला आहे. १९९९ साली सुरू झालेल्या थेस्पो या युवा नाट्यमहोत्सवाचे पंचविशीच्या आतले नाटकवाले इथलेच. वयाची अट करणाऱ्यांना, पाहणाऱ्यांना नाही. त्यामुळे थेस्पोच्या दिवसांत आवारात पंचविशीच्या आतले लोक तणावात आणि पन्नाशीच्या पुढचे लोक मजेत दिसतात. फोर्टातला काळा घोडा महोत्सवही १९९९ चाच, आणि फुकट, नऊ दिवसांचा; पण तिथे नाटक दिसण्याआधी नाटकाच्या फलकासमोर फोटो काढणाऱ्यांची पाठ दिसते.

मराठी उपनगरांतला ‘प्रवेश विनामूल्य’ याहून शिस्तीचा असतो. प्रवेश विनामूल्य असला तरी प्रवेशिका आवश्यक असते, ती सकाळी नऊ ते अकरा मिळते, एका व्यक्तीस दोनच, आणि कार्यक्रमाच्या वेळी पहिल्या सहा रांगा निमंत्रितांसाठी राखीव. निमंत्रित येत नाहीत. त्या सहा रिकाम्या रांगांकडे पाहत मागे लोक भिंतीला टेकून उभे राहतात आणि एखादे आजोबा, नातेवाइकांच्या चार रुमालांनी धरलेल्या चार खुर्च्यांचे एकट्याने रक्षण करत असतात. नृत्याच्या बाबतीत फुकटाचा परमोच्च बिंदू म्हणजे अरंगेत्रम. हॉल, साथीदार, दागिने, जेवण, सगळा खर्च मुलीच्या वडिलांचा. पाहुण्याला तिकीट नाही, उलट ताट आहे. मात्र तिथून वीस मिनिटांनी निघता येत नाही. त्या तुलनेत प्लॅटफॉर्म सुटसुटीत.

सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतार रात्रभर फुकटच दिसतो, खर्च देवस्थान आणि गाव उचलतो. तमाशात आवडले तर दौलतजादा. जुन्यांनी फुकटातही पैशाची वाट कुठून तरी काढून ठेवली होती. जुहूच्या प्लॅटफॉर्मला राजा नाही, देवस्थान नाही, दौलतजादा नाही. मग पैसे कोण देते? तालमीच्या हॉलचे भाडे ताशी असते आणि नव्या मंडळींचे नाटक ताशी पुढे सरकत नाही. म्हणून तालमी कोणाच्या तरी गच्चीवर होतात, सोसायटीचा वॉचमन शिट्टी मारेपर्यंत. वेशभूषा वहिनीच्या कपाटातून येते, टेबल-खुर्ची टेम्पोतून, टेम्पोचे भाडे दिग्दर्शकाच्या खिशातून, आणि दिग्दर्शकाचा खिसा एखाद्या मालिकेच्या संवादलेखनातून. प्रयोगानंतर सगळ्यांना चहा-पराठा द्यावा लागतो तोही त्याच खिशातून. थोडक्यात, त्या संध्याकाळी आवारात तिकीट काढलेले चार-सहा लोक असतात आणि ते सगळे मधल्या मोकळ्या फरशीवर उभे असतात. फुकट पाहणाऱ्याने याची लाज वाटून घ्यावी असे मुळीच नाही. पण वीस मिनिटे पाहून झाल्यावर “वेळ बरा गेला” एवढेच म्हणून आतल्या रांगेकडे धावणे हा कद्रूपणा आहे. पृथ्वीराजांच्या झोळीत निदान एक नाणे तरी पडायचे.

प्रयोग संपतो तो टाळ्यांनी नव्हे, आतले दार उघडल्यामुळे. रांग हलते, शंभर मानांचे कोन बदलतात, नर्तकी अजून फरशीवर असते आणि तिच्या बाजूने लोक चपला सांभाळत आत जातात. एखादा थांबतो, नाव विचारतो, पुढचा प्रयोग कधी आहे विचारतो. पुढचा प्रयोग ठरलेला नसतो. तरी तारीख सांगितली जाते.

जाणाऱ्यांनी रिक्षाला मीटरचे सुटे पैसे ठेवावेत आणि आतल्या नाटकाच्या वेळेआधी तासभर पोहोचावे. एक मोठा रुमाल बरोबर न्यावा: जागा धरायला नव्हे, फरशीवर बसायला.